ही प्रत कोणती? जुनी अमेरिकन शिल्पं जमवताना

व्हाइट हाउसमधल्या ओव्हल ऑफिसच्या छायाचित्रांत अनेक राष्ट्राध्यक्षांच्या आसपास एक छोटं ब्राँझशिल्प दिसतं. मागच्या दोन पायांवर उभा राहिलेला बिथरलेला घोडा आणि त्याच्या पाठीला चिकटून बसलेला काउबॉय. फ्रेडरिक रेमिंग्टनचं हे ‘ब्राँको बस्टर’ १८९५ सालचं. हाच घोडा, हाच स्वार, आणि खाली रेमिंग्टनचीच सही असलेलं शिल्प अमेरिकेतल्या फर्निचरच्या दुकानांत आणि ऑनलाइन लिलावांत काहीशे डॉलरला मिळतं. शिल्पकाराच्या हयातीत ओतलेली चांगली प्रत मात्र मोठ्या लिलावात लाखो डॉलरला जाते.

‘हे शिल्प कोणाचं?’ एवढं विचारून जुन्या अमेरिकन शिल्पांच्या संग्राहकाचं भागत नाही ते यामुळेच. ही प्रत कोणती, कधीची, कोणत्या ओतशाळेतली, कोणत्या आकाराची, हे त्याला विचारावं लागतं. एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेत राजेरजवाडे नव्हते आणि चर्चचा आश्रयही युरोपइतका मोठा नव्हता. व्यापारी, वकील, गिरणीमालक, पुढे शाळामास्तर आणि दुकानदार हे तिथले गिऱ्हाईक. शिल्पकाराचं पोट एका मूर्तीवर भरत नसे, तिच्या प्रतींवर भरे. प्रती काढणं हा तिथल्या शिल्पव्यवसायाचा कणाच होता, आणि संग्राहकाची खरी कसोटी या प्रतींमधला फरक ओळखण्यात लागते.

अमेरिकी सीमाशुल्काच्या व्याख्येनुसार शंभर वर्षांहून जुनी वस्तू ‘अँटिक’ ठरते. या मोजमापात आज साधारण १९२० च्या दशकाच्या मध्यापर्यंतचं काम बसतं. शैलींचा ढोबळ क्रम असा : १८३० ते १८७५ पर्यंत इटलीत राहून संगमरवरात काम करणारे नवअभिजात शिल्पकार, त्यानंतर पॅरिसमध्ये शिकून ब्राँझकडे वळलेली पिढी, तिच्याच बरोबरीने पश्चिमेकडचे काउबॉय आणि वन्य प्राणी घडवणारे, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पॉल मॅनशिप, एली नॅडेलमन यांच्यासारखे आधुनिक वळणाचे कलावंत. मॅनशिपच्या १९१६ च्या ‘डान्सर अँड गझेल्स’मध्ये भारतीय शिल्पाचा प्रभाव उघड दिसतो. या सगळ्याला समांतर गावोगावच्या सुतारांची, लोहारांची आणि जहाजांवर कोरीवकाम करणाऱ्यांची लोककला अखंड चालू होती.

सुरुवात प्लास्टरपासून

नव्या संग्राहकाला परवडणारं आणि भरपूर शिकवणारं दालन म्हणजे ‘रॉजर्स ग्रुप्स’. जॉन रॉजर्स (१८२९–१९०४) या शिल्पकाराने १८५९ मध्ये ‘द स्लेव्ह ऑक्शन’ हा गुलामांच्या लिलावाचा छोटा प्लास्टर समूह केला. १८९३ मध्ये काम थांबवेपर्यंत त्याने असे सुमारे ८० समूह बाजारात आणले आणि त्यांच्या मिळून जवळपास ८०,००० प्रती विकल्या. किंमत साधारण १५ डॉलरच्या आसपास. घरी परतलेले सैनिक, औषधाच्या दुकानातला प्रसंग, शेतावर रंगलेला सोंगट्यांचा डाव असे विषय, आणि पुतळा लाकडी खोक्यात भरून थेट गिऱ्हाइकाच्या घरी. १८७५ चा ‘चेकर्स अप अ‍ॅट द फार्म’ हा त्याच्या सर्वाधिक खपलेल्या समूहांपैकी एक. त्याच्या सुमारे ५,००० प्रती गेल्या.

रॉजर्स मातीच्या मूळ कामावरून ब्राँझची पक्की मातृका करून घेई आणि तिच्यावरून सरसाचे लवचीक साचे काढून प्लास्टर ओती. त्यामुळे त्याच्या प्रतींत बटणं, बोटं, कापडाच्या चुण्या आश्चर्य वाटावं इतक्या स्पष्ट उतरतात. घेताना तीन गोष्टी पाहाव्यात. समोरच्या बाजूला शीर्षक, बैठकीवर रॉजर्सचं नाव आणि बऱ्याचदा पेटंटची तारीख कोरलेली असते. मूळ रंग मातकट करडा किंवा तपकिरी असतो. पांढराशुभ्र किंवा सोनेरी रंग दिसला, तर तो बहुधा नंतर कोणीतरी चढवलेला. तिसरी गोष्ट म्हणजे काठ्या, बंदुकीच्या नळ्या, बोटं असे बाहेर आलेले नाजूक भाग. ते तुटून पुन्हा बसवलेले असणं नेहमीचंच. दुरुस्ती लपवलेली नसेल आणि किमतीत धरलेली असेल, तर ती खरेदीला अडसर ठरू नये. मिलवॉकीच्या हेनेके कंपनीनेही याच धर्तीचे समूह विकले. नाव न वाचता घेतलेला ‘रॉजर्स’ कधी कधी हेनेके निघतो.

प्लास्टर म्हणजे कच्चा माल, हा समज सोडावा. गणपतराव म्हात्रे यांची ‘मंदिरपथगामिनी’ १८९६ मध्ये प्लास्टरमध्येच घडली, आणि तिच्या मोलाबद्दल मराठी रसिकांना सांगायला नको. मात्र प्लास्टरला पाण्याचा हात कधीही लावू नये. मऊ कोरड्या कुंचल्याने धूळ झटकणं एवढीच त्याची निगा.

संगमरवर : हात कोणाचा?

व्हर्माँटमध्ये जन्मलेला हायरम पॉवर्स फ्लॉरेन्समध्ये स्थायिक झाला आणि तिथे त्याने ‘द ग्रीक स्लेव्ह’ घडवली. १८४७ पासून ही मूर्ती अमेरिकेतल्या शहरांत फिरली आणि तिकीट काढून लोकांनी ती पाहिली. १८५१ च्या लंडनमधल्या जागतिक प्रदर्शनात ती गाजली. पूर्णाकृती संगमरवरी प्रती सहा झाल्या. मिंटन या इंग्लिश कारखान्याने काढलेल्या तिच्या छोट्या आवृत्त्या मात्र पॅरियन नावाच्या, संगमरवरासारख्या दिसणाऱ्या चिनी मातीच्या आहेत. त्या आतून पोकळ असतात. लिलावाच्या छायाचित्रात हा फरक कळत नाही, मूर्ती उचलली की लगेच कळतो.

पॉवर्सच्या ‘प्रोसर्पिन’ या अर्धपुतळ्याच्या शंभराहून जास्त प्रती निघाल्या आणि त्या सगळ्या सारख्या नाहीत. सुरुवातीच्या प्रतीत देवी फुलांच्या टोपलीतून वर आलेली दिसते, पुढे टोपलीच्या जागी अकँथसची पानं आली, आणि नंतर तळाशी साधी पट्टी राहिली. कोरीवकामाची मेहनत कमी व्हावी म्हणून झालेले हे बदल आज प्रतीचा काळ ठरवायला मदत करतात. हॅरिएट हॉस्मरचा खट्याळ ‘पक’ आणि रँडॉल्फ रॉजर्सची आंधळी फुलवाली ‘निडिया’ यांच्याही अनेक प्रती निघाल्या, आणि निडिया तर दोन आकारांत मिळे.

या मूर्ती शिल्पकाराने स्वतः छिन्नीने घडवल्या, अशी कल्पना असेल तर तिला मुरड घालावी लागते. शिल्पकार मातीचं काम करी, त्यावरून प्लास्टरचा नमुना होई, त्यावर मापांचे बिंदू ठोकले जात आणि इटालियन कारागीर ते बिंदू दगडात उतरवत. ‘ग्रीक स्लेव्ह’चा असा बिंदू ठोकलेला नमुना वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन अमेरिकन आर्ट म्युझियममध्ये आहे. शिल्पकाराच्या कारखान्यातून, त्याच्या देखरेखीखाली निघालेली प्रत अस्सल मानतात. त्याच काळात इटलीत पर्यटकांसाठी इतरांनी केलेली नक्कल ही वेगळी वस्तू.

दगड तपासताना हात लावून पाहावा. संगमरवर थंड लागतो. संगमरवराची भुकटी आणि राळ मिसळून ओतलेली नक्कल तितकी थंड लागत नाही. तिच्या केसांच्या खोलगट भागांत हवेचे बारीक बुडबुडे दिसतात, आणि कडेने साच्याची शिवणही सापडते. अनेक वर्षं बागेत उभ्या राहिलेल्या संगमरवराचा पृष्ठभाग साखरेसारखा रवाळ होतो आणि बोटाला दाणे लागतात. ही झीज भरून येत नाही. रवाळपणा घासून ‘चकाचक’ केलेली मूर्ती घेऊ नये, कारण त्या घासण्यात नाकाची धार आणि डोळ्यांच्या पापण्या निघून गेलेल्या असतात.

ब्राँझ : उलटं करून पाहावं

अमेरिकेत छोटी ब्राँझशिल्पं घराघरांत पोचवण्याचे पहिले प्रयत्न १८४९ च्या सुमारास झाले. अमेरिकन आर्ट-युनियन या संस्थेने हेन्री कर्क ब्राउनच्या ‘द चूझिंग ऑफ द अ‍ॅरो’च्या २० प्रती ओतवून सभासदांत वाटल्या. १८५३ मध्ये टॉमस बॉलने डॅनियल वेब्स्टरच्या पुतळीचं पेटंट घेतलं. शतकाच्या अखेरीस ऑगस्टस सेंट-गॉडन्सच्या ‘डायना’ आणि ‘द प्युरिटन’ या मोठ्या कामांच्या छोट्या आवृत्त्या श्रीमंतांच्या दिवाणखान्यांत दिसू लागल्या. बेसी पॉटर व्होनोने आई आणि मुलांच्या हातभर उंचीच्या ब्राँझपुतळ्या केल्या. तिची १८९६ ची ‘अ यंग मदर’ आजही लोकांना आवडते.

फ्रेडरिक मॅकमॉनिसच्या ‘बकांटी’ची गोष्ट सांगण्याजोगी आहे. एका हातात बाळ आणि दुसऱ्या हातात द्राक्षांचा घोस घेऊन नाचणारी ही निर्वस्त्र स्त्री वास्तुविशारद चार्ल्स मॅकिम याने बोस्टनच्या सार्वजनिक ग्रंथालयाला भेट दिली. गावात गदारोळ झाला. शेवटी मॅकिमने भेट परत घेऊन १८९७ मध्ये ती न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन म्युझियमला दिली. या शिल्पाच्या छोट्या प्रती मोठ्या संख्येने निघाल्या आणि त्यांतल्या बऱ्याच पॅरिसमध्ये ओतल्या गेल्या. अमेरिकन शिल्पावर फ्रेंच ओतशाळेचा शिक्का दिसला, तर तेवढ्याने दचकू नये.

‘ब्राँको बस्टर’चा इतिहास तर प्रतींचं पाठ्यपुस्तकच आहे. सुरुवातीच्या साठेक प्रती न्यूयॉर्कच्या हेन्री-बोनार्ड कंपनीने वाळूच्या साच्यात ओतल्या. पुढे रेमिंग्टन रोमन ब्राँझ वर्क्सकडे गेला. तिथे मेण वितळवून ओतण्याची पद्धत होती आणि प्रत्येक मेणावर त्याला स्वतः हात फिरवता येई. साहजिकच प्रतीप्रतींत बारीक फरक पडले. १९०९ मध्ये तो वारला. त्यानंतर त्याच्या पत्नीने १९१८ मध्ये तिचा मृत्यू होईपर्यंत ओतकाम चालू ठेवलं. म्हणजे हयातीतली वाळूची प्रत, हयातीतली मेणाची प्रत आणि मृत्यूनंतरची अधिकृत प्रत असे तीन वर्ग झाले. त्यांच्या किमतीही वेगवेगळ्या. स्वामित्वहक्क संपल्यावर निघालेल्या असंख्य नकला या तिन्हींच्या बाहेरच्या. त्या नकला बहुधा संगमरवरी बैठकीवर बसवलेल्या असतात. मूळ प्रतींना अशी बैठक नव्हती.

खरी-खोटी ओळखण्याचा भरवशाचा उपाय म्हणजे मोजपट्टी. तयार ब्राँझवरून पुन्हा साचा काढून ओतलं, की थंड होताना धातू आकसतो. हे आकसणं साधारण दीड ते दोन टक्के असतं. दोन फूट उंचीच्या शिल्पात तो फरक सुमारे अर्ध्या इंचाचा होतो. संग्रहालयाने प्रसिद्ध केलेलं मूळ माप आणि समोरची वस्तू यांची तुलना करावी, आणि माप बैठकीपासून न घेता शिल्पातल्याच दोन ठरलेल्या बिंदूंमध्ये घ्यावं. नकलेत बारकावेही बोथट होतात, लगाम, बोटं आणि भुवया साबणासारख्या गुळगुळीत दिसतात.

त्यानंतर शिल्प उलटं करून आत विजेरी मारावी. ओतशाळेचं नाव आणि प्रतीचा क्रमांक बैठकीच्या कडेला किंवा खाली असतो. आत फिलिप्स म्हणजे अधिक चिन्हाच्या खाचेचा स्क्रू दिसला, तर थांबावं. हे स्क्रू १९३० च्या दशकात बाजारात आले. १९०५ च्या शिल्पात तो नंतरच्या दुरुस्तीत आला असेल, नाहीतर शिल्पच नंतरचं असेल. रोमन ब्राँझ वर्क्सच्या जमाखर्चाच्या वह्या टेक्ससमधल्या फोर्ट वर्थच्या अ‍ॅमन कार्टर म्युझियममध्ये जपलेल्या आहेत. महागडी प्रत घेण्याआधी त्या नोंदींचा आधार शोधणं हे चोख संग्राहकाचं लक्षण.

ब्राँझवरची गडद झिलई हा शिल्पाचाच भाग आहे. पितळी भांड्यासारखं ते घासून लखलखीत केलं, की निम्मी किंमत तिथेच जाते. फिकट हिरवी भुकटी पुन्हा पुन्हा सुटत असेल, तर क्षारांमुळे धातूला रोग लागलेला असतो आणि तज्ज्ञाची गरज असते. मुंबईच्या किंवा कोकणातल्या खाऱ्या, दमट हवेत असं ब्राँझ आणायचं असेल, तर हे आधीच तपासून घ्यावं.

जस्त, लोखंड, तांबं

बागेतली कारंजी, हरणं, कुत्रे, चौकातले सैनिक हे बऱ्याचदा ब्राँझचे नसतातच. न्यूयॉर्कच्या जे. डब्ल्यू. फिस्क यांच्यासारखे कारखाने जस्ताच्या आणि बिडाच्या मूर्ती छापील सूचिपत्रांतून विकत. खिशात छोटा लोहचुंबक ठेवावा. तो चिकटला तर लोखंड. न चिकटता रंगाच्या टवक्याखाली निळसर करडा धातू दिसला तर जस्त, आणि पिवळसर तपकिरी दिसला तर ब्राँझ. जस्त ठिसूळ असतं आणि स्वतःच्याच भाराने हळूहळू वाकतं, म्हणून घोट्यांजवळ आणि सांध्यांवर तडे पाहावेत. कनेक्टिकटमधल्या मॉन्युमेंटल ब्राँझ कंपनीने जस्ताची स्मारकं ‘व्हाइट ब्राँझ’ या नावाने दफनभूमींसाठी विकली. दफनभूमीतून आल्यासारखी दिसणारी कोणतीही मूर्ती लेखी मालकीशिवाय घेऊ नये. ती चोरीची असू शकते.

वाऱ्याची दिशा दाखवणारी छपरावरची वातकुक्कुटं हा अमेरिकन लोककलेचा मानबिंदू. बोस्टनच्या फॅन्युइल हॉलवरचा तांब्याचा नाकतोडा शेम ड्राऊन या ताम्रकाराने १७४२ मध्ये केला. एकोणिसाव्या शतकात मॅसॅच्युसेट्समधल्या वॉल्थॅम गावी ए. एल. ज्युवेल आणि त्यानंतर कुशिंग यांच्या कारखान्यांनी लोखंडी साच्यांत तांब्याचा पत्रा ठोकून घोडे, कोंबडे, गरुड घडवले. २००६ मध्ये न्यूयॉर्कच्या एका लिलावात मूलनिवासी सरदाराच्या आकृतीचं वातकुक्कुट ५८ लाख डॉलरच्या वर गेलं. पैसा आला तशा नकलाही आल्या. काही नकला तर जुन्याच साच्यांवर ठोकलेल्या आहेत. खऱ्या वस्तूवर सोन्याच्या वर्खाचे तुकडे खोलगट जागी टिकून राहतात आणि उघड्या बाजूला झिजतात. हिरवटपणा एकसारखा नसतो. बंदुकीच्या गोळ्यांची भोकंही बऱ्याचदा असतात, कारण शेतावरच्या पोरांना नेमबाजीला हे आयतं लक्ष्य मिळे. आम्लाने आणलेला हिरवा रंग सगळीकडे सारखा पसरलेला असतो.

लाकूड : रंगाचे थर वाचावेत

विल्हेल्म शिमेल हा पेनसिल्व्हेनियात गावोगाव भटकणारा जर्मन कारागीर. तो चाकूने गरुड आणि पोपट कोरी आणि जेवणाच्या, दारूच्या बदल्यात देऊन टाकी. १८९० मध्ये तो गरिबांच्या आश्रयगृहात वारला. आज त्याचे गरुड संग्रहालयांत आहेत. मेन राज्यातल्या किटरीचा जॉन हेली बेलामी जहाजांसाठी पंख पसरलेले गरुड करी. न्यूयॉर्कचा सॅम्युएल रॉब तंबाखूच्या दुकानाबाहेर उभे करायचे मूलनिवासींचे पुतळे घडवी. इलेक्ट्रा हॅवमायर वेबने तरुणपणी असाच एक पुतळा विकत घेतला आणि पुढे १९४७ मध्ये व्हर्माँटमध्ये शेलबर्न म्युझियम उभं केलं. घरच्यांना त्या काळी या पुतळ्यात कला दिसली नव्हती. आज मात्र अशा पुतळ्यांकडे पाहताना त्यांनी एका समाजाची कशी साचेबंद प्रतिमा रुजवली, हेही संग्राहकाने लक्षात ठेवायला हवं.

लाकूड आडव्या दिशेने आकसतं. दीडशे वर्षांपूर्वीची गोल बैठक मोजली, तर ती किंचित लंबगोल भरते. वाळवी-किड्यांनी केलेली भोकं आत वळणावळणाने जातात. कोरलेल्या पृष्ठभागावर किड्याचा बोगदा लांबीने उघडा पडलेला दिसला, तर जुन्या लाकडावर नवं कोरीवकाम झालेलं आहे. झीज जिथे हात, पाऊस किंवा ऊन पोचेल तिथेच असावी, काखेत आणि हनुवटीखाली ती असण्याचं कारण नाही. रंगाचे थर खरवडून ‘मूळ लाकूड दाखवणं’ ही सर्वांत महाग पडणारी चूक. तळाच्या पांढऱ्या थरात टायटॅनियमचा रंग सापडला, तर तो थर १९२० नंतरचा धरावा, कारण त्याआधी हा रंग प्रचारात नव्हता. अशी तपासणी प्रयोगशाळेत होते आणि मोठ्या खरेदीसाठी तो खर्च योग्यच असतो.

कागद, कायदा आणि लिलावाची भाषा

लिलावाच्या सूचीत शिल्पकाराच्या नावाआधी येणारा छोटा शब्द आधी वाचावा. नुसतं नाव असेल, तर लिलावगृह ते काम त्या शिल्पकाराचं म्हणून विकतं. ‘अ‍ॅट्रिब्युटेड टू’ म्हणजे अंदाजाने त्याचं. ‘आफ्टर’ म्हणजे त्याच्यावरून केलेली नक्कल, मग तिच्यावर सही कितीही ठसठशीत असो. हातोडा पडतो त्या किमतीवर खरेदीदाराची वेगळी फी लागते. अनेक लिलावगृहांत ती २५ टक्क्यांच्या आसपास असते. वाहतूक आणि विमा त्याहून निराळे.

मूलनिवासी जमातींच्या पवित्र वस्तू, दफनातल्या वस्तू यांच्या व्यवहारावर अमेरिकेत १९९० च्या कायद्याने निर्बंध आहेत, आणि २०२२ च्या कायद्याने अशा वस्तू देशाबाहेर नेण्यावरही. हस्तिदंत किंवा देवमाशाचा दात असलेली वस्तू भारतात आणण्याचा विचारही करू नये. भारतात १९७२ चा पुरावस्तू कायदा शंभर वर्षांवरच्या शिल्पाला पुरावस्तू मानतो आणि खाजगी व्यक्तीला ती निर्यात करता येत नाही. न्यू जर्सीत किंवा कॅलिफोर्नियात जमवलेला संग्रह पुण्याला हलवणाऱ्या मराठी कुटुंबाने हे आधी समजून घ्यावं, सीमाशुल्काच्या जाणकाराशी बोलावं आणि आयातीचा प्रत्येक कागद जपावा.

कागद हरवले की काय होतं, हे एडमोनिया लुइसच्या ‘द डेथ ऑफ क्लिओपात्रा’ने भोगलं. कृष्णवर्णीय वडील आणि ओजिब्वे वंशाच्या आईची ही लेक रोममध्ये संगमरवरात काम करी. तिची दीड टनाच्या आसपास भरणारी क्लिओपात्रा १८७६ मध्ये फिलाडेल्फियाच्या शतसांवत्सरिक प्रदर्शनात गाजली. पुढे ती शिकागोजवळच्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर ‘क्लिओपात्रा’ नावाच्या घोडीच्या थडग्यावर जाऊन बसली. ऊन-पावसात चेहरा झिजला आणि कोणीतरी तिला रंगही फासला. शतकभराच्या अज्ञातवासानंतर १९९४ मध्ये ती स्मिथसोनियनकडे आली.

संग्राहकाने पहिल्या खरेदीच्या दिवशीच एक वही करावी. एका पानावर एक शिल्प : उंची, रुंदी आणि खोली मिलिमीटरमध्ये, वजन, शिक्क्याचा आणि सहीचा जवळून काढलेला फोटो, तळाचा फोटो, दुरुस्तीच्या जागा, कोणाकडून, कधी, किती किमतीला घेतलं, आणि त्याआधी ते कोणाकडे होतं. पावती त्याच पानाला जोडावी. शिल्पावर काहीही लिहू नये, क्रमांकाची चिठ्ठी दोऱ्याने बांधावी. या वहीची दुसरी प्रत घराबाहेर, विश्वासाच्या माणसाकडे ठेवावी.